बद्धकोष्ठ : समज, गैरसमज आणि उपाय



वसंतातल्या व्याख्यानांना साहित्य, इतिहास, समाजकारण असे विषय शोभून दिसतात. मी निवडलेला विषय चारचौघांत उच्चारताना संकोच वाटावा असा आहे. पण खरे सांगायचे तर कितीतरी घरांत सकाळ याच काळजीने उजाडते. कोणी चहा घेऊन येरझारा घालतो, कोणी रात्री घेतलेल्या चूर्णाचा प्रताप केव्हा दिसतो याची वाट पाहतो, आणि कोणी मनातल्या मनात आजचा दिवस गेला म्हणून कपाळाला हात लावतो. संकोचामुळे माणूस डॉक्टरकडे जात नाही. तो जाहिरात वाचतो आणि दुकानातून पुडी आणतो. म्हणून आज थोडे मोकळेपणाने बोलू.

बद्धकोष्ठ कशाला म्हणावे?

पहिला गैरसमज असा की, रोज सकाळी एकदा शौचास झालेच पाहिजे, नाहीतर ते बद्धकोष्ठ. तसे नाही. निरोगी माणसांत दिवसातून तीनदा जाणारेही असतात आणि आठवड्यातून तीनदाच जाणारेही असतात. दोघांनाही त्रास नसेल तर दोघेही निरोगीच. आपल्या वैद्यांनी मृदु कोठा, मध्यम कोठा आणि क्रूर कोठा असे भेद केले, त्यामागे हेच निरीक्षण होते. मळ खड्यासारखा कठीण होणे, फार कुंथावे लागणे, जाऊन आल्यावरही पोट मोकळे झाले असे न वाटणे, किंवा आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे, ही बद्धकोष्ठाची लक्षणे आहेत. दिवस मोजण्यापेक्षा त्रास पाहावा.

आता हे का होते ते समजण्यासाठी अन्नाच्या मागोमाग थोडे चालू. जेवण जठरात काही तास राहते. तेथून सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात जाते. तेथे पचन होते आणि पोषक भाग रक्तात शोषला जातो. उरलेला पातळ गाळ मोठ्या आतड्यात येतो. हे आतडे जेमतेम दीड मीटर लांब, पण प्रवासाचा सर्वांत जास्त वेळ तेथेच जातो, एक ते दोन दिवस. मोठ्या आतड्याचे मुख्य काम पाणी परत शोषून घेण्याचे. रोज तेथे साधारण दीड लिटर पाणी येते, आणि त्यातले पाव लिटरही मळाबरोबर बाहेर पडत नाही. म्हणजे मळ जितका जास्त वेळ रेंगाळेल तितका तो कोरडा आणि कठीण होणार. बद्धकोष्ठाचे बहुतेक सारे गणित या एका वाक्यात आहे. पुढचा प्रश्न एवढाच की, तो रेंगाळतो कशाने?

विषाची भीती

त्याआधी दुसरा गैरसमज दूर करू. 'मळ साठला की त्याचे विष रक्तात भिनते, आणि त्यातूनच सारे रोग होतात' असे पुष्कळांना वाटते. ही समजूत केवळ आपलीच नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनचे नामवंत शस्त्रवैद्य आर्बथनॉट लेन यांनी या भीतीपायी कित्येक रोग्यांचे मोठे आतडेच कापून काढले. पुढे अमेरिकेत शंका निघाली. मळ अडला की डोके दुखते आणि शौचास होताच काही क्षणांत थांबते. विष रक्तात भिनले असते तर ते इतक्या लवकर उतरले असते काय? १९२२ साली डोनाल्डसन यांनी निरोगी माणसांच्या गुदाशयात नुसता कापूस भरून पाहिला. तीच डोकेदुखी, तेच जडपण आणि तीच मरगळ आली, आणि कापूस काढताच ती गेली. कापसात विष कोठले? त्रास ताणामुळे होतो, विषामुळे नव्हे. म्हणून एखादा दिवस चुकला तर घाबरून जुलाब घेण्याचे कारण नाही. चूर्णांच्या अनेक जाहिराती मात्र या जुन्या भीतीवरच उभ्या आहेत.

सेवाग्रामचा दाखला

आंजीपासून सेवाग्राम दूर नाही. १९३६ साली तेथे येऊन राहिलेल्या महात्मा गांधींना या विषयाचा संकोच नव्हता. आपल्या आत्मकथेत त्यांनी स्वतःच्या बद्धकोष्ठाचा वृत्तांत मोकळेपणाने लिहिला आहे. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला असताना त्यांना मळ साफ होत नसे, अधूनमधून डोके दुखे, आणि ते रेचक घेऊन दिवस काढीत. मँचेस्टरमध्ये सकाळची न्याहारी सोडणाऱ्यांची मंडळी निघाल्याचे त्यांच्या वाचनात आले. त्यांनी न्याहारी सोडली आणि डोकेदुखी गेली. त्यावरून, आपण गरजेपेक्षा अधिक खात होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पण बद्धकोष्ठ तसेच राहिले. कुने यांच्या पद्धतीच्या कटिस्नानाने थोडा आराम पडला. पुढे जुस्ट या जर्मन लेखकाचे पुस्तक हाती आले, आणि थंड पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ मातीची पट्टी रात्री पोटावर बांधण्याने आपल्याला पूर्ण गुण आला, असे ते लिहितात.

यातून आपण काय घ्यावे? मातीचा वाटा किती आणि बेताच्या जेवणाचा, भरपूर चालण्याचा, नियमित दिनचर्येचा वाटा किती, हे एका माणसाच्या अनुभवावरून वेगळे काढता येत नाही. गांधीजींनीही त्याच प्रकरणात, पुस्तकातले सारेच ब्रह्मवाक्य मानू नका, असे वाचकांना बजावले आहे. मला त्यांच्या उदाहरणातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. रोज रेचक घेणे म्हणजे बरे होणे नव्हे, हे त्यांनी ओळखले आणि आपले राहणे-खाणे तपासले.

ताटात काय बदलले?

आपणही आपले ताट तपासू. वर्धा जिल्ह्यात एके काळी ज्वारी हे रोजचे अन्न होते. भाकर, कण्या, घुगऱ्या, सोबत जवसाची चटणी, अंबाडीची किंवा पावसाळ्यात तरोट्याची भाजी. आज शेतात कापूस, सोयाबीन आणि तूर आहे. ज्वारीचा पेरा फार घटला आहे. ताटात पांढरा भात आला. चहाबरोबर मैद्याची बिस्किटे आणि टोस्ट आले.

धान्याचा जो भाग पचत नाही, त्याला आपण चोथा म्हणतो. पूर्वी डॉक्टरही त्याला टाकाऊ समजत. तो टाकाऊ नाही. चोथा पाणी धरून ठेवतो, मळाला आकार देतो, आतड्यातल्या उपयुक्त जंतूंना अन्न पुरवतो, आणि त्यामुळे मळ मऊ राहून पुढे सरकतो. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम चोथा असतो. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात तीन ग्रॅमही नसतो. युगांडात काम केलेले शस्त्रवैद्य डेनिस बर्किट आणि त्यांचे सहकारी यांनी १९७२ साली हा फरक मोजून दाखवला. भरड अन्न खाणाऱ्या आफ्रिकी खेडुतांत अन्नाचा प्रवास सुमारे दीड दिवसात संपे. चाळलेल्या पिठाचा पाव खाणाऱ्या इंग्रजांना तीन दिवसांहून अधिक लागत.

मोठ्या माणसाला रोज २५ ते ३० ग्रॅम चोथा हवा. त्यासाठी महागडी वस्तू आणण्याची गरज नाही. एक वेळ भाकर, कणीक न चाळता केलेली पोळी, वाटीभर सालीसकट उसळ, एक पालेभाजी आणि एक फळ एवढे पुरे. पेरू हे यातले उत्तम फळ. आपली विदर्भाची संत्री रस काढून पिण्यापेक्षा फोडी खाव्यात. मात्र हा बदल आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू करावा. एकदम केला तर पोट फुगते आणि माणूस कंटाळून सोडून देतो. पाणीही हवे. पुढे वैशाख येतो आहे, पारा ४५ अंशांवर जाईल. घामावाटे पाणी गेले की आतडे मळातले पाणी अधिक ओढून घेते. उन्हाळ्यात कोठा जड होतो तो यामुळेही.

वेग अडवू नका, अडवायला लावू नका

जेवण जठरात पडले की मोठे आतडे आपोआप हालचाल करू लागते. सकाळी उठल्यावर आणि न्याहारीनंतर ही हालचाल सर्वांत जोराची असते. तीच शौचाची खरी वेळ. ती हाक ऐकली नाही तर थोड्या वेळाने विरते. रोज न ऐकल्यास आतडे हाक देणेच कमी करते. चरकसंहितेत न अडवण्याजोगे तेरा वेग सांगितले आहेत. त्यांतला मलवेग अडवल्यास पोटदुखी, डोकेदुखी, पोटऱ्यांत गोळे आणि पोट फुगणे असे विकार होतात, असे म्हटले आहे. आजचे शास्त्रही मळाची हाक दाबू नका असेच सांगते.

पण हा उपदेश पुरुषांना करणे सोपे आहे. ज्या घरात पहाटेपासून सुनेला चुलीपासून हलायला सवड नाही, ज्या बाईला वर्षानुवर्षे अंधार पडेपर्यंत थांबावे लागले, जी कापूस वेचायला सकाळी गेली की संध्याकाळीच परतते आणि आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीही पीत नाही, तिला 'वेग अडवू नका' असे कोणत्या तोंडाने सांगावे? तिचे बद्धकोष्ठ तिच्या आतड्यात सुरू झालेले नाही. ते आपल्या घराच्या आणि गावाच्या व्यवस्थेत सुरू झाले आहे. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी सोप्या संडासासाठी आयुष्य वेचले, आणि २०१४ नंतर सरकारी मोहिमेतून घरोघर शौचालये बांधली गेली. पण भिंती उभ्या राहिल्या म्हणजे काम संपले असे नाही. तेथे पाणी आहे का, शाळेतल्या मुलींच्या संडासाला कडी आहे का, आणि घरातल्या बाईला सकाळची दहा मिनिटे मोकळी मिळतात का, हे पाहणे चूर्ण देण्यापेक्षा मोठे औषध आहे.

बसण्याची पद्धतही महत्त्वाची. उकिडवे बसल्याने गुदाशयाचा बाक सरळ होतो आणि वाट मोकळी होते. उंच भांड्यावर बसणाऱ्या वृद्धांनी पायांखाली लहान पाट ठेवून गुडघे कमरेपेक्षा वर घ्यावेत. वर्तमानपत्र घेऊन तासभर बसू नये. फार वेळ बसून कुंथण्याने मूळव्याध वाढते. गुदद्वाराला चीर पडली असेल तर दुखण्याच्या भीतीने माणूस जायचे टाळतो, मळ आणखी कठीण होतो आणि चीर चिघळते. लहान मुलांतही हेच चक्र फिरते. त्यांना रागावू नये, मळ मऊ ठेवावा. पाण्याच्या टबात कोमट पाणी घेऊन त्यात बसल्याने आराम पडतो.

औषधे

एवढे करूनही भागले नाही तर औषध जरूर घ्यावे, पण जाणून घ्यावे. इसबगोल हा मुळात चोथाच आहे. तो पाणी शोषून फुगतो, म्हणून पेलाभर पाण्याबरोबर लगेच घ्यावा. कमी पाण्यात घेतला तर तोच घशात किंवा आतड्यात अडकतो. मळात पाणी धरून ठेवणारी पातळ औषधे आणि पावडरी डॉक्टर देतात. त्या बऱ्याच काळ घेता येतात. सोनामुखी आणि एरंडेल ही आतड्याला हिसका देणारी औषधे. ती प्रसंगी घ्यावीत, वैद्याच्या सल्ल्यावाचून रोज घेऊ नयेत. अनेक 'निरुपद्रवी' चूर्णांत सोनामुखीच असते, तेव्हा डब्यावरचे घटक वाचावेत. एरंडेल गरोदर बाईने घेऊ नये.

कधी कधी बद्धकोष्ठ दुसऱ्या औषधातून येते. गरोदर स्त्रियांना दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी मळ घट्ट आणि काळा होतो. त्या बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगावे. काही वेदनाशामके, काही रक्तदाबाच्या गोळ्या, थायरॉइडची कमतरता आणि जुना मधुमेह हीही कारणे असतात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला थोडे थोडे पातळ होऊ लागले तर तो अतिसारच असेल असे समजू नये. कित्येकदा आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपते. अशा वेळी हगवण थांबवणारी गोळी दिली तर हाल वाढतात.

घरगुती उपाय कोठे थांबवावा

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पोटात कळ येत असताना, विशेषतः दुखणे बेंबीजवळून उजव्या बाजूला खाली सरकत असेल, ताप आणि ओकारी असेल, तर 'पोट साफ होईल' म्हणून जुलाब कधीही देऊ नये. आंत्रपुच्छाला सूज असेल तर जुलाबाने ते फुटण्याचा धोका असतो. निसर्गोपचारावर ज्यांची एवढी निष्ठा, त्या गांधीजींवरही जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, आणि तिने त्यांचे प्राण वाचले. त्या वेळी त्यांनी मातीच्या पट्टीचा हट्ट धरला नाही.

मळातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, अंगातले रक्त कमी होणे, पोट फुगून वारासुद्धा न सरणे, किंवा पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणे, ही लक्षणे दिसली तर मूळव्याध समजून गप्प बसू नये. आतड्याचा कर्करोग अशाच वेशात येतो, आणि वेळेवर सापडला तर तो बरा होतो. १९६९ साली सेवाग्रामला सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आपल्या आंजीतच आहे. तेथवर चालत जाणे काही अवघड नाही. अवघड आहे ते तेथे जाऊन तोंड उघडणे.

म्हणून माझी विनंती एवढीच. आज घरी गेल्यावर ताटात एक भाकर वाढवा, सकाळी घरातल्या प्रत्येकाला, आणि आधी बायकांना, थोडी सवड द्या, आणि घरातली आजी किंवा सून पोटाचे काही सांगू लागली तर हसण्यावारी नेऊ नका.