दवाखान्याबाहेर आलेलं समुपदेशन

वेरूळचा माणूस मनाच्या दुखण्यासाठी आजही तीसेक किलोमीटरवरच्या संभाजीनगरला, बहुधा तिथल्या घाटी रुग्णालयात जातो. तेही सगळं करून झाल्यावर. आधी घृष्णेश्वराला अभिषेक होतो, खुलताबादच्या भद्रा मारुतीला नवस होतो, कुणी सुचवलं तर दर्ग्यातही जाऊन येणं होतं. यात हसण्यासारखं काही नाही. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. त्यांतलं एकही मराठवाड्यात नाही. रुग्णालयाची वाट पाहत बसलेल्या मुलखाला आधार मिळायचा तर तो रुग्णालयाबाहेरूनच मिळणार होता. मराठीत ही वाट रुंद करणाऱ्यांत ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णींचं नाव आधी घ्यावं लागतं.

नाडकर्णी मनोविकारशास्त्र शिकले मुंबईच्या केईएममध्ये. ऐंशीच्या दशकात शहरात गर्दचं, म्हणजे ब्राउन शुगरचं, व्यसन पसरत होतं, आणि निव्वळ गोळ्यांनी ते सुटत नाही हे तरुण डॉक्टरांना रोज दिसत होतं. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्या धडपडीत नाडकर्णीही होते. पुढे १९९० मध्ये त्यांनी ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ उभी केली. नावात ‘आजार’ नाही, ‘आरोग्य’ आहे; आणि कामही तसंच. उपचारांच्या जोडीला रुग्णांच्या कुटुंबीयांचे आधारगट आणि विद्यार्थ्यांसाठी ‘वेध’ परिषदा. डॉक्टर स्वतः नाटकं लिहिणारे, गप्पांत रमणारे. माझ्या मते त्यांच्या पदवीइतकाच हा स्वभावही कामी आला. मराठी माणूस ‘मानसोपचार’ म्हटलं की बिचकतो, पण व्याख्यानाला मात्र हौसेनं जातो!

नाडकर्णींच्या समुपदेशनाच्या पद्धतीचं मूळ शोधायला न्यूयॉर्कला जावं लागतं. अल्बर्ट एलिस मूळचे मनोविश्लेषक. बालपण उकरत बसण्यात रुग्णाची वर्षं जातात, हे पाहून त्यांनी १९५५ च्या सुमारास स्वतःची विवेकनिष्ठ पद्धत मांडली. घटना माणसाला उद्ध्वस्त करत नाही, घटनेबद्दलचा हट्टी समज करतो, हे तिचं सार. एलिस यांनी ते आधी स्वतःवर तपासलं होतं. ऐन तारुण्यात मुलींशी बोलायची भीती घालवायला ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात ते शंभरएक अनोळखी मुलींशी जाऊन बोलले. पदरी फारसं काही पडलं नाही, भीती मात्र गेली. हा विचार भारतात रुजवला कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार अनेक वर्षं चालला. नाडकर्णी फडके यांच्याकडेच शिकले, आणि एलिस यांना त्यांनी गीता-ज्ञानेश्वरीशेजारी आणून बसवलं.

हे खेड्यात कसं चालावं? समजा, कपाशी गेली. ही घटना. ‘कर्ज फिटलं नाही, म्हणजे मी कुचकामी, घराला तोंड दाखवायच्या लायकीचा नाही’ हा समज. रात्र-रात्र जागणं, जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार, हा परिणाम. समुपदेशक मधल्या पायरीला हात घालतो. तो ‘रडू नका’ म्हणत नाही, ‘सगळं ठीक होईल’ असंही सांगत नाही. दुःख होणारच, ते रास्तच आहे. पण एका हंगामावरून अख्ख्या माणसाची किंमत कोणी ठरवली, एवढंच तो विचारतो. शेतकऱ्याला विचार बदलायला सांगून सावकाराचा तगादा थांबत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. कर्ज आणि भाव यांची उत्तरं सरकारनंच द्यायची आहेत. पण ती मिळेपर्यंत माणूस जगला पाहिजे, म्हणून हेही हवं.

राज्य सरकारनं २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात घरोघरी जाऊन विचारपूस करायचं काम आशाताईंकडे आलं. झोप लागते का, जेवण जातं का, असले साधे प्रश्न. ओळखीच्या बाईनं ओट्यावर बसून विचारलं की गडी बोलतो, घाटीच्या रांगेत तो बोलेलच असं नाही. मात्र गर्भवतींच्या नोंदींपासून लसीकरणापर्यंत सगळं जिच्या डोक्यावर, तिच्याच पिशवीत आणखी एक अर्ज कोंबायचा आणि मोबदल्याचं विचारलं की गप्प बसायचं, ही चाल बरी नव्हे.

कायद्याची नजरही बदलली: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालचा माणूस मानलं. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही सरकारी हेल्पलाइन सुरू आहे. क्रमांक १४४१६, फोन विनामूल्य, मराठीतून बोलता येतं. भिंतीवर गॅस एजन्सीचा नंबर लिहिलेला असतो, त्याच्याखाली हाही लिहून ठेवा.