दफ्तर उडालं, प्रती उरल्या

भोर संस्थान उभं राहिलं ते कागदाच्या कारभारातून. अष्टप्रधानांतला सचिव म्हणजे जुना सुरनीस. बाहेर जाणारं राजपत्र वाचून पाहायचं, अक्षर कमीजास्त असेल तर मजकूर दुरुस्त करायचा, महालांचे हिशेब तपासायचे, हे त्याचं काम. राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायण गांडेकरांकडे आलं. पुढे त्यांच्या वंशजांनी, म्हणजे पंतसचिवांनी, ८ मार्च १९४८ला संस्थान विलीन होईपर्यंत भोरचा कारभार पाहिला. राजगड आणि तोरणा दोन्ही त्यांच्याच मुलखात. वेल्हे तालुक्याचं नाव अलीकडे राजगड झालं, त्याचं अनेकांना नवल वाटलं. पण संस्थानी अमलात राजगड नावाचा तालुका होताच, जोडीला प्रचंडगड आणि विचित्रगडही होते.

ज्या राज्याची पत्रं नजरेखालून घालायची, त्या राज्याचं मूळ दफ्तर मात्र सचिवांच्या या घराण्याच्या वाट्याला आलंच नाही. राजगडावर पाव शतक राजधानी होती. ती रायगडावर गेली आणि तिच्यासोबत कागदही गेले. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती पडला. येसूबाई आणि बाळ शाहू कैद झाले, राजाराम महाराज जिंजीला पोचले. त्या धामधुमीत रायगडावरचं दफ्तर जळून नष्ट झालं, असं इतिहासकार मानतात. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९०च्या दशकात जिंजीत शिवचरित्राची बखर लिहिली ती बरीचशी आठवणीवर. म्हणून तिच्यात माणसं जिवंत आहेत आणि घटनांचा क्रम जागोजागी डळमळतो.

पुढची दोनशे वर्षं या पोकळीवर बखरींचीच सत्ता होती. मग विश्वनाथ काशिनाथ राजवाडे कागदांच्या मागे गावोगाव फिरू लागले. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, आणि पुढे एकूण २२. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. वाड्यांच्या माळ्यांवर, कोनाड्यांत, रुमालांत बांधून ठेवलेले कागद एकेक करून बाहेर येऊ लागले. कुठे वाळवी लागलेली, कुठे पावसाने शाई फुटलेली, कुठे रद्दीच्या भावाने जायच्या बेतात असलेली दप्तरं.

यात भोर-वेल्ह्याचा वाटा मोठा आहे, आणि त्याचं कारण फारसं उदात्त नाही. रोहिडखोरं, हिरडस मावळ, गुंजण मावळ या खोऱ्यांत जेधे, बांदल, खोपडे, शिळीमकर अशी देशमुख घराणी नांदत होती. देशमुखी म्हणजे वतन, आणि वतन म्हणजे भाऊबंदकी. आज ना उद्या निवाड्यासाठी गोतसभेपुढे उभं राहावं लागणार, हे प्रत्येकाला ठाऊक. तेव्हा हातात कागद हवा: कौलनामा, अभयपत्र, महजर, आणि त्यांच्या नकला. राजधानीतलं दफ्तर गेलं, तरी राजाने ज्यांना पत्रं धाडली होती त्यांच्या घरी ती राहिली. इतिहासाची आवड म्हणून ती कुणी जपली नव्हती. शेजारच्या देशमुखाने आपली वाडी घशात घालू नये, म्हणून जपली होती. मराठ्यांचा इतिहास वाचवण्यात भांडकुदळपणाचा जेवढा हात आहे, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाचा असेल.

भोर तालुक्यातलं कारी हे कान्होजी जेध्यांचं गाव. तिथल्या दयाजीराव सर्जेराव ऊर्फ दाजीसाहेब जेधे देशमुखांनी घरातलं एक जुनं टिपण लोकमान्य टिळकांच्या हवाली केलं. टिळकांनी ते १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात छापलं. हीच जेधे शकावली. शके १५४० ते १६१९ अशा जवळपास ऐंशी वर्षांची ही यादी अगदी कोरडी आहे. शक, संवत्सर, तिथी, घडलेली गोष्ट, बस. वर्णन नाही, स्तुती नाही. बखरीत जे सुटलं होतं, नेमकं तेच तिच्यात होतं.

शिवाजी महाराजांची जन्मतिथी तोवर शके १५४९ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७ साल, अशी रूढ होती. कारीच्या टिपणात मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, शिवनेरी अशी नोंद निघाली. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एका घरच्या यादीवर कोण विश्वास ठेवणार? वाद पेटला. १९२७ साली सदाशिव महादेव दिवेकरांनी तंजावरच्या प्रतीवरून परमानंदाचं ‘शिवभारत’ छापलं, त्यातही हीच तिथी निघाली. जोधपूरकडे सापडलेली कुंडलीही जुळली. कारी, तंजावर आणि जोधपूर: तीन कागद, तिन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पुढे शासनाने हीच तारीख मानली, तरी तिथीवरची भांडणं अजून मिटलेली नाहीत.

आता कागदाकडून तबकडीकडे. लग्नसराईत भोर, नसरापूर किंवा वेल्ह्यातल्या कुठल्याही फोटोवाल्याला विचारावं. हळदीच्या फोटोंचं कार्ड रिकामं समजून कॅमेऱ्यात टाकलं आणि ‘फॉरमॅट मारला’, हा किस्सा त्याच्या किंवा त्याच्या दोस्ताच्या नावावर असतोच. डेटा उडाला म्हणून घाम फुटतो, पण अशा वेळी बहुधा उडते ती फक्त यादी. झटपट फॉरमॅटमध्ये संगणक नवी कोरी अनुक्रमणिका मांडतो आणि सगळी जागा मोकळी आहे असं धरून चालतो. फोटो जागच्या जागी असतात. त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ते परत मिळू शकतात. म्हणून जाणकार दुकानदाराचा पहिला सल्ला एकच असतो: कार्ड काढा, पुन्हा एकही क्लिक करू नका.

ही सोय जुनी आहे. पीटर नॉर्टनच्या कंपनीने १९८२ साली पुसलेली फाइल परत आणणारा प्रोग्रॅम विकायला काढला. १९९१च्या एमएस-डॉस ५मध्ये तर ‘अनडिलीट’ आणि ‘अनफॉरमॅट’ असे दोन हुकूमच आले. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावी पोचले ते २००१ नंतर. तोवर हे हुकूम मागे पडून विंडोज रुळलं होतं. मग ‘फोटोरेक’सारखी फुकट साधनं आली. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. अनुक्रमणिकेचा नाद सोडून ती तबकडीचा कणन् कण चाळतात आणि फाइलींच्या खुणा हुडकतात. जेपीईजी फोटो एफएफ-डी८ या दोन बाइटनी सुरू होतो, एफएफ-डी९ने संपतो. एवढा धागा धरून मधला मजकूर उचलायचा.

शिवकालीन पत्राची घडणही अशीच ओळखू येते. माथ्यावर मुख्य मुद्रा, शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असा मोर्तबाचा शिक्का. त्याच्या पुढे कुणी अक्षर वाढवू नये म्हणून. सुटा, फाटका, बेवारस कागद हाती आला तरी दोन टोकं शाबूत असली की अख्खं पत्र मिळालं हे कळतं. मोर्तब गेलं असेल तर शंकेला जागा राहते. बनावट वतनपत्रं कमी नव्हती. शिवाजी महाराजांनी दादाजी नरसप्रभूला लिहिलेलं म्हणून गाजलेलं, राजवाड्यांनी छापलेलं रोहिडखोऱ्याचं पत्र अस्सल की नक्कल, यावर विद्वान आजही हमरीतुमरीवर येतात.

परत मिळालेल्या फाइलींची एक कटकट असते. नावं गेलेली असतात. ‘सुप्रिया हळद’ नावाचा फोल्डर मिळत नाही. मिळतात आकड्यांची नावं लागलेले शेकडो फोटो, त्यात चार लग्नं एकमेकांत मिसळलेली. तारीख बघून लावावेत, तर फाइलीवर पुष्कळदा दिसते ती परत काढल्याच्या दिवसाची. जुन्या पत्रांत चंद्र, म्हणजे तारीख, आणि महिना असतो, पण वर्ष पुष्कळदा नसतं. मग बाळाजी प्रभाकर मोडकांची जंत्री उघडायची, हिजरी महिना आणि वार ताडायचा, पत्रातली माणसं त्या साली कुठे होती ते पाहायचं आणि वर्ष ठरवायचं. राजवाड्यांच्या पिढीचं निम्मं आयुष्य यात गेलं. अनुक्रमणिका एकदा उडाली की ती पुन्हा बांधायला मूळ मजकूर लिहिण्याहून जास्त वेळ लागतो.

सगळंच परत येतं असं मात्र नाही. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट केलं तर तबकडीवर शून्यं लिहिली जातात. हल्लीच्या एसएसडीत ‘ट्रिम’ नावाची व्यवस्था असते. पुसलेली जागा मोकळी झाल्याचं ती ड्राइव्हला कळवते आणि ड्राइव्ह ती मागच्या मागे साफ करून टाकतो. पुण्याच्या महागड्या लॅबमध्ये नेलं, तरी तिथे उकरायला काही उरत नाही. रायगडाचं दफ्तर याच जातीचं. राखेतून पत्र निघत नाही. वाचलं ते फक्त दुसरीकडे गेलेलं.

पाण्याची गोष्टही वेगळी नाही. १२ जुलै १९६१ रोजी वेल्हे तालुक्यातलं आंबी नदीवरचं पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. दुकानांच्या वह्या, घरांची खतं, छापखान्यांतले गठ्ठे चिखलात गेले. शाई धुतली गेली की कागद सुकवून काय करणार?

मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी आग लागली आणि फाइली जळाल्या, तेव्हा त्या पुन्हा उभ्या करायला खालच्या कार्यालयांतल्या प्रती मागवाव्या लागल्या. विभाग, जिल्हा, तालुका अशी उतरंड कामाला लागली. देशमुखाच्या माळ्याची जागा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षाने घेतली, इतकंच. १ मे २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. आता शेतकऱ्याच्या मोबाइलमध्ये, सेवा केंद्रवाल्याच्या ‘डाउनलोड्स’मध्ये, बँकेच्या फाइलीत आणि वकिलाच्या पेन ड्राइव्हवर एकाच गटाचे चार-चार उतारे पडलेले असतात. बांधाची भांडणं अजून आहेत, तेव्हा ते कुणी पुसणार नाही.

सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधणारी समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभरच्या अभिलेख कक्षांची कुलपं निघाली. गाव नमुना १४चं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, कोतवाल बुक, शाळेची दाखलखारीज, पाहणीपत्रकं अशी दप्तरं टेबलावर आली. पुष्कळशी मोडीत, काही हात लावताच तुकडे पडणारी. मोडी वाचणारे एरवी हौशी म्हणून ओळखले जायचे. त्यांना एकाएकी तहसीलदारांचे फोन येऊ लागले. सापडलेल्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवल्या गेल्या. मात्र स्कॅन म्हणजे फक्त चित्र. त्यात आडनाव टाकून शोधता येत नाही, मोडी येत नसेल तर पानावर बोट ठेवूनही उपयोग नाही. भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांतल्या कुणाला पणजोबाची नोंद हवी असेल, तर त्याला अजूनही गावचं रजिस्टर पानापानाने चाळावं लागतं, आणि शेजारी मोडी वाचणारा कुणीतरी बसवावा लागतो.