वल्हवतात हात, दुखते बैठक!

बालमित्रांनो, आज आधी एक कोडं. पाय ढकलतात, पाठ झुलते, हात ओढतात, छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होते. सगळे कामाला जुंपलेले! पण सगळ्यांत आधी तक्रार कोण करतं? तर जो नुसता बसून असतो तो! ओळखा पाहू कोण?

बरोब्बर! आपलं बूड!

हसलात ना? हसून घ्या पोटभर. कारण ही गंमत रोइंग मशीनवर तासभर बसणाऱ्याला मुळीच गंमत वाटत नाही. पायात जोर असतो, दमही शिल्लक असतो, पण बुडाला अशी काही रग लागते की मुकाट्यानं उतरावं लागतं. आणि 'का उतरलास रे?' असं विचारलं की खरं कारण सांगायची लाज वाटते! म्हणून आज आपण याच न बोलल्या जाणाऱ्या दुखण्याबद्दल अगदी मोकळेपणानं बोलणार आहोत.

नदी नाही, नाव नाही, तरी वल्हवा!

रोइंग मशीन तुम्ही व्यायामशाळेत कदाचित पाहिलं असेल. लांबलचक रूळ, त्यावर मागंपुढं सरकणारी छोटीशी बैठक, पाय बांधायला पट्टे आणि समोर साखळीला जोडलेली मूठ. मूठ ओढली की पुढचं चाक 'घर्रर्र' करत वारा कापतं. जितक्या जोरात ओढाल, तितका वारा जास्त अडवणार! नौकानयन करणारे खेळाडू याला 'एर्ग' म्हणतात. ग्रीक भाषेत 'एर्गॉन' म्हणजे काम, त्यावरून हे नाव आलं. अमेरिकेतल्या ड्रायसिगेकर बंधूंनी १९८१ साली असं यंत्र बनवलं, तेव्हा त्यात चक्क सायकलचं चाक बसवलं होतं!

नदीला पूर आला, थंडीत पाणी गोठलं किंवा जवळपास नदीच नसली, तरी या यंत्रावर सराव चालू राहतो. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आठवतो ना? दुष्काळी भागातला, वडिलांबरोबर विहिरी खणणारा मुलगा. सैन्यात भरती झाला, पुण्यात वल्हं हातात घेतलं. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची! तोच दत्तू २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्यानं नाव वल्हवत तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून त्यानं भारतासाठी सुवर्णपदक मिळवलं. अशा यशामागं तासन्‌तासांचा सराव असतो. आणि तासन्‌तास म्हटलं की बैठकीचा प्रश्न आलाच!

जरा हिशेब करून पाहा. ऑलिंपिकची शर्यत २००० मीटरची. ती साधारण सात मिनिटांत संपते. मिनिटाला ३३ वल्ही धरली तर फार तर २३० वेळा ओढायचं. बूड कुरकुर करायच्या आत शर्यत संपते! पण सराव तासाचा असेल, तर मिनिटाला फक्त २० म्हटलं तरी १२०० वेळा ओढावं लागतं. दर वेळी कंबर एकदा पुढं आणि एकदा मागं झुकते. म्हणजे त्याच एका जागेवर २४०० वेळा रगडणं झालं! काही हौशी माणसं तर या यंत्रावर अख्खी मॅरेथॉन, म्हणजे ४२ हजार १९५ मीटर पार करतात. २०१८ साली 'क्रॉसफिट गेम्स' या स्पर्धेत हा एक प्रकारच ठेवला होता. भल्याभल्यांना त्याला अडीच तासांहून जास्त वेळ लागला.

करून पाहा : प्रयोग पहिला

आता एका लाकडी खुर्चीवर ताठ बसा. दोन्ही हातांचे तळवे वर करून बुडाखाली सरकवा. लागलं काही टोकदार? दोन्ही बाजूंना एकेक टणक उंचवटा लागेल. ही तुमची 'बसायची हाडं'. आता तसेच बसून कंबर पुढं झुकवा, मग पाठ गोल करून मागं रेला. हाडं तळव्यावर कशी डोलतात ते कळेल. अगदी डोलणाऱ्या घोड्याच्या पायांसारखी!

गंमत अशी, की उभे असताना या हाडांवर जाड स्नायूची गादी असते. पण आपण बसलो, की तो स्नायू बाजूला सरकतो. हाडाखाली उरते ती थोडी चरबी आणि कातडी. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी गादी गायब!

आता समजा, तुमचं ३० किलो वजन या बैठकीवर पडलंय. दोन्ही हाडांखालची जागा मिळून २० चौरस सेंटिमीटर धरू. तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दीड किलोचा भार आला. तेच वजन २०० चौरस सेंटिमीटरवर पसरलं तर? फक्त १५० ग्रॅम! वजन तेवढंच, पण भार दहा पटींनी कमी. आजी डोक्यावर हंडा घ्यायच्या आधी चुंबळ का ठेवायची, ते आता समजलं? हंड्याचं वजन एका जागी टोचू नये, सगळीकडं पसरावं म्हणून. आजीला विज्ञानाचं पुस्तक माहीत नव्हतं, पण विज्ञान माहीत होतं!

प्रयोग दुसरा

एका अंगठ्याचं नख दुसऱ्या अंगठ्यानं दाबून धरा. नखाखालचा गुलाबी रंग पांढरा पडतो. सोडलं की पुन्हा गुलाबी! दाबल्यामुळं केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात आणि रक्त पुढं जात नाही. बुडाखालीही हेच होतं. रक्त नीट पोचलं नाही की ती जागा आधी ठणकते. मज्जातंतूही दाबले गेले तर मुंग्या येतात, मग बधिरपणा. शरीरातला सगळ्यांत जाड मज्जातंतू याच भागातून मांडीत उतरतो, म्हणून मुंग्या कधीकधी पायापर्यंत जातात.

मग वर्गात तासन्‌तास बसून असं का होत नाही? कारण आपण चुळबूळ करतो! बाई ओरडतात, 'चुळबूळ करू नकोस!' पण ही चुळबूळ म्हणजे शरीराचा शहाणपणा असतो. एका बाजूचा भार दुसरीकडं, पुन्हा इकडं. आपल्याला कळतही नाही. (हे बाईंना सांगताना जरा जपून हं!) मशीनवर मात्र पाय पट्ट्यांत अडकलेले, हात मुठीला चिकटलेले आणि बैठक सरळ रुळावर. चुळबुळीला जागाच नाही. त्यात घाम. ओली कातडी, ओले कपडे आणि वर शिवणीचं घासणं! मग कातडी सोलवटली तर नवल काय?

हे दुखणं फार जुनं!

तुम्हाला वाटेल, हे आजकालच्या नाजूक लोकांचं दुखणं. छे! प्राचीन ग्रीसमध्ये १७० वल्हेकऱ्यांच्या युद्धनौका असत. इसवी सनापूर्वी ४२९ मध्ये अथेन्सच्या शत्रूंनी तिथल्या बंदरावर अचानक हल्ला करायचा बेत आखला. नौका दुसऱ्या किनाऱ्यावर होत्या, तिथवर खलाशांना चालत जायचं होतं. थुसिडिडीस या इतिहासकारानं लिहून ठेवलंय, की प्रत्येक खलाशानं बरोबर तीन वस्तू घेतल्या : आपलं वल्हं, वल्हं अडकवायचा चामडी पट्टा आणि आपली बसायची उशी! लढाईला निघालेला शूर वीर, पण उशी विसरला नाही!

पुढं एकोणिसाव्या शतकापर्यंत नौकेतली बैठक पक्की असायची. पाय नीट वापरता यावेत म्हणून काही खेळाडू चामडी विजारीला चरबी चोपडून गुळगुळीत फळीवर घसरायचे. बुडाचं काय होत असेल, विचार करा! मग सरकती बैठक आली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्या प्रसिद्ध शर्यतीत ती पहिल्यांदा १८७३ साली वापरली गेली. आजच्या बैठकीत दोन हाडांसाठी दोन खळगे असतात आणि मागं माकडहाडासाठी खाच. पण खळगे एकाच मापाचे आणि माणसं मात्र नाना मापांची!

मग करायचं काय?

१. आधी बसणं सुधारा. पाठ गोल करून, पोट आत ढकलून बसलात तर भार माकडहाडाकडं जातो. 'बसायच्या हाडां'वर ताठ बसा. पुढं झुकताना पाठीत नव्हे, खुब्यातून झुका. नमस्काराला वाकतो तसं.

२. पायांची फळी पाहा. पट्टा बोटांच्या मुळाशी, पंज्याच्या रुंद भागावरून जावा. पाय फार उंच बांधले तर कंबर मागं ढकलली जाते. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतील तर फळी एक घर खाली घ्या.

३. दांडी दहावर नको! चाकाजवळ एक ते दहा आकड्यांची दांडी असते. ती दहावर ठेवली की आपण भीमाचे अवतार, असं कित्येकांना वाटतं. तसं काही नसतं. तीन ते पाचच्या दरम्यान ठेवा. फार जड ओढताना अंग हिसकलं जातं आणि बैठकीवर जास्त रगडतं.

४. उठा! हे सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत गुणकारी औषध. दर दहा-पंधरा मिनिटांनी मूठ ठेवा, पट्टे सोडा, मिनिटभर उभे राहा, चार पावलं चाला. नख पुन्हा गुलाबी झालं होतं ना? तसंच!

५. पातळ गादी घाला. फोमची पातळ, न घसरणारी गादी बरी. उशीसारखी जाड नको. बसायची उंची वाढते, बूड डळमळतं आणि सगळी ढब बिघडते. घरचा टॉवेल घातलात तर चौकोनी घडी पक्की बसवा. टोक लोंबकळत राहिलं तर ते बैठकीच्या चाकात अडकेल. लांब शर्ट आणि ओढणी यांनाही हाच नियम!

६. कपडे. बुडाखाली जाड शिवण नको, मागच्या खिशात पेन आणि किल्ल्या तर मुळीच नकोत. अंगाला बसणारी, सुरकुत्या न पडणारी चड्डी घाला. सराव झाला की घामाचे कपडे लगेच बदला, अंग धुऊन कोरडं करा.

७. हळूहळू वाढवा. आज दहा मिनिटं आणि उद्या तास, असं नको. आठवड्याला थोडी थोडी वेळ वाढवा. दम लवकर तयार होतो, बैठकीला मात्र सवय व्हायला सवड लागते. बाकीच्या दिवशी मांडीच्या मागचे आणि बुडाचे स्नायू ताणायचे व्यायाम करा.

दुखणं आणि दुखणं, यात फरक!

आता सर्वांत महत्त्वाचं. सराव संपल्यावर अर्ध्या तासात विरून जाणारी रग आणि दुसऱ्या दिवशीही टिकणारं दुखणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंग्या पायात उतरत असतील, उतरल्यावरही बधिरपणा जात नसेल, कातडीला फोड किंवा जखम झाली असेल, माकडहाड किंवा कंबर सतत दुखत असेल, तर यंत्र बंद आणि डॉक्टरांकडं चला. 'खेळाडूला सोसता आलं पाहिजे' हे खरं. पण काय सोसायचं आणि काय सांगायचं, हे ज्याला कळतं तोच खरा खेळाडू.

गुडघा दुखला तर आपण लंगडत सरांकडं जातो. मग बूड दुखलं तर का नाही जायचं? मित्र हसतील म्हणून? हसू देत की! ज्या प्रशिक्षकांनी आयुष्यभर वल्ही मारली, ते हसणार नाहीत. ते म्हणतील, 'अरे, मग आधी का नाही बोललास?' आणि संघात कुणी दुसऱ्यानं असं सांगितलं, तर खिदळणाऱ्यांत तुम्ही नसावं, एवढं लक्षात ठेवा.

आई-बाबा, दोन शब्द तुमच्याशीही. एखादा मुलगा किंवा मुलगी आवडीचा खेळ अचानक 'नको' म्हणू लागली, तर 'आळशी झालीस' म्हणायच्या आधी एकदा विचारा, 'कुठं दुखतंय का?' कारण एवढंसं असू शकतं. गादीचा एक तुकडा, फळीचं एक घर किंवा मधली पाच मिनिटं सुट्टी. तासभर एका जागी बसण्याचा हट्ट मुलांना तसाही कशाला? तुकड्या-तुकड्यांनी केलेला सरावही सरावच असतो.

तर दोस्तांनो, हा अंक वाचता वाचता तुम्हीसुद्धा बराच वेळ बसून आहात. काय? आत्ताच चुळबूळ केलीत? शाब्बास! आता उठा, हात-पाय ताणा आणि घरभर एक चक्कर मारून या. बुडाला तेवढीच विश्रांती!