तरंगांचे शेंडे कोणी छाटले?

गेल्या वर्षीची गोष्ट. प्रयोगशाळेत अनुनाद नळीचा प्रयोग चालू होता. आमचे दोन विद्यार्थी मात्र नादकाटा बाजूला ठेवून हमरीतुमरीवर आले होते. जवळ जाऊन पाहिले, तर वाद पदार्थविज्ञानाचा नव्हता. तो मेटॅलिका नावाच्या अमेरिकन रॉक वाद्यवृंदाचा होता. पहिल्याचे म्हणणे असे, की त्यांची ‘डेथ मॅग्नेटिक’ ही सीडी ऐकवत नाही, तिच्यातला आवाज फाटलेला आहे. दुसरा म्हणाला, “अरे, त्यांचे संगीतच तसे आहे. तुला मऊ ऐकायचे असेल तर भावगीते ऐक.” मग दोघेही माझ्याकडे वळले. “सर, तुम्हीच सांगा.”

रॉक संगीताचा मी जाणकार नाही. पण ‘आवाज फाटणे’ ही गोष्ट मोजता येते. म्हणून त्या वादात मी पडलो, आणि आता तुम्हांलाही ओढतो आहे.

मेटॅलिका हा वाद्यवृंद १९८१ साली लॉस एंजेलिस येथे जेम्स हेटफील्ड व लार्स उलरिक यांनी सुरू केला. त्याच्या चाहत्यांइतके भांडकुदळ चाहते क्वचितच सापडतील. १९८८ च्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून भांडण. १९९१ ची मुद्रिका सोपी व लोकप्रिय झाली, म्हणून भांडण. २००३ साली उलरिकने आपल्या एका ढोलाच्या तळाच्या तारा सैल सोडून वाजवले. त्यामुळे ढोलाचा आवाज रिकाम्या डब्यासारखा घणघणला आणि पुन्हा भांडण झाले. असली भांडणे आवडीनिवडीची असतात. विज्ञानाने त्यांत लुडबूड करू नये. २००८ चे भांडण मात्र वेगळ्या जातीचे होते.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात ‘डेथ मॅग्नेटिक’ बाजारात आली. त्याच सुमारास तीच गाणी ‘गिटार हीरो’ या संगणकीय खेळासाठीही उपलब्ध झाली. खेळात प्रत्येक वाद्य निराळे लागते, म्हणून खेळ तयार करणाऱ्यांना वाद्यांची सुटी ध्वनिमुद्रणे आधीच दिलेली होती. सीडीसाठी आवाज वाढवण्याचे जे शेवटचे संस्कार झाले, ते या प्रतीवर झाले नव्हते. चाहत्यांनी दोन्ही प्रतींचे तरंग संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी मांडले. खेळातल्या प्रतीत साळिंदराच्या काट्यांसारखी लहानमोठी टोके दिसत होती. सीडीचे चित्र म्हणजे वरून व खालून रंधा मारल्यासारखा एक सलग पट्टा होता. एकच गाणे, तेच वादक, तीच वादनाची वेळ, आणि चित्रे दोन! गाण्यांचे पुन्हा मिश्रण करून द्या, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर दहा हजारांहून अधिक चाहत्यांनी सह्या केल्या. सीडीची अखेरची प्रत तयार करणारे तंत्रज्ञ टेड जेन्सन यांचे एक पत्रही त्या सुमारास उघड झाले. ध्वनिमुद्रण आपल्या हाती आले तेव्हाच ते असे दाबून आलेले होते, असे त्यांनी त्यात लिहिले होते. उलरिकचे मत मात्र असे पडले, की आपल्याला हा आवाज पसंत आहे.

आता हे शेंडे छाटले जातात म्हणजे काय होते, ते पाहू.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. सीडीवर हा चढउतार आकड्यांच्या रूपाने साठवतात. दर सेकंदाला ४४,१०० वेळा दाब मोजायचा आणि प्रत्येक वेळी एक पूर्णांक लिहून ठेवायचा. या पूर्णांकासाठी १६ बिट म्हणजे सोळा द्विमान अंक राखलेले असतात. त्यामुळे तो −३२,७६८ पासून +३२,७६७ पर्यंत कोठेही असू शकतो. त्याच्यापलीकडे मात्र जाऊ शकत नाही. ही एक तक्तपोशी समजा. खोलीत उडी कितीही जोराने मारली, तरी डोके तक्तपोशीपर्यंतच जाणार.

समजा, एखाद्या क्षणी आकडा २०,००० आहे. गाणे दुप्पट मोठे करावे म्हणून आपण सगळ्या आकड्यांना २ ने गुणले. ५,००० चे १०,००० झाले, ठीक. पण २०,००० चे ४०,००० कोठे लिहिणार? तेथे ३२,७६७ च लिहिले जातात. शेजारच्या १९,००० च्या जागीही ३२,७६७, आणि १८,००० च्या जागीही तेच. जेथे डोंगराचे शिखर होते तेथे पठार तयार होते.

आता आलेख-कागद घ्या आणि एक साइन वक्र काढा. त्याचा परमप्रसर, म्हणजे मधल्या रेषेपासून शिखरापर्यंतची उंची, १ धरा. हा वक्र तक्तपोशीला नुकताच टेकलेला आहे असे समजा. आता उंची दुप्पट करा व १ च्या वरचा आणि −१ च्या खालचा भाग खोडून टाका. छाटणी कोठे सुरू झाली? जेथे २ sin θ = १, म्हणजे sin θ = १/२, म्हणजे θ = ३०° वर. शून्यापासून ९०° पर्यंतच्या चढणीत फक्त पहिले ३०° मूळचा वक्र उरला. बाकीचे ६०° सपाट! तरंगाचा दोन-तृतीयांश काळ तक्तपोशीला डोके घासण्यात गेला.

एवढे करून मिळाले काय? आवाजाची शक्ती ही उंचीच्या वर्गाच्या सरासरीवर अवलंबून असते. मूळ वक्रासाठी ही सरासरी ०.५ येते, छाटलेल्यासाठी सुमारे ०.७८. (बारावीतल्या मुलांनी समाकलन करून ताळा पाहावा.) वाढ झाली ती दीडपटीहून थोडी जास्त, म्हणजे जेमतेम २ डेसिबेल. छाटणी झाली नसती तर उंची दुप्पट करण्याने ६ डेसिबेल मिळाले असते.

पण हे झाले साध्या साइन वक्राचे. गाण्याचे गणित निराळे आहे, आणि मोहाचे मूळ तेथेच आहे. ढोलावर टिपरी पडते तेव्हा दाबाचे टोक क्षणभरच उंच जाते. बाकीचा बहुतेक वेळ गाणे त्या टोकाच्या पुष्कळ खाली वावरत असते. ही थोडी टोके दाबली, की वर मोकळी जागा होते आणि सगळे गाणे उचलून वर नेता येते. टोके हळुवारपणे दाबणाऱ्या साधनाला कॉम्प्रेसर व कडकपणे अडवणाऱ्याला लिमिटर म्हणतात. प्रमाणात वापरली तर ही दोन्ही साधने फार उपयोगी आहेत. त्यांच्यावाचून आज क्वचितच एखादे गाणे ध्वनिमुद्रित होत असेल. हव्यास सुटला की मात्र विटांच्या भिंतीसारखे चित्र दिसू लागते.

हा हव्यास कशासाठी? याचे उत्तर आपल्या कानात आहे. १९३३ साली फ्लेचर व मन्सन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की कानाची संवेदनक्षमता सर्व कंप्रतांना सारखी नसते. आवाज लहान असताना खर्जाचे स्वर कानाला फारच दुबळे लागतात. आवाज वाढवला की ते भरून येतात. म्हणून तेच गाणे थोडे मोठे लावले तर ‘भरदार’ वाटते. दोन गाणी पाठोपाठ ऐकवली, तर मोठे वाटणारे गाणे उजवे ठरते. मग प्रत्येक ध्वनिमुद्रिका शेजारच्या मुद्रिकेहून मोठी करण्याची चढाओढ लागली. जुन्या तबकड्यांना या चढाओढीत निसर्गाचाच आवर होता. खाच जास्त रुंद कोरली तर जागा संपते आणि सुई उडते. १९८२ साली सीडी आली आणि पुढे आकडेमोडीने चालणारे लिमिटर आले, तेव्हा हा आवर सुटला.

आता खरा प्रश्न. वर-खाली सारखीच छाटणी केली, तर मूळ स्वराबरोबर त्याच्या ३ पट, ५ पट, ७ पट कंप्रतेचे नवे स्वर जन्माला येतात. २४० हर्ट्झचा सा घ्या. त्याची ३ पट ७२० हा वरच्या सप्तकातला पंचम होतो, आणि ५ पट १,२०० हा त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. म्हणजे हे नातेवाईकच आले! तंबोऱ्याच्या घोडीवर तार किंचित घासू देऊन जवारी काढतात, तेव्हाही असेच वरचे स्वर उमलतात. मिरजेचे कारागीर त्यासाठी दोऱ्याची जागा केसभर इकडेतिकडे सरकवत बसतात. रॉकमधील गिटारचा तो प्रसिद्ध खरखरीत आवाजही तरंग मुद्दाम छाटूनच काढलेला असतो. माझ्या दुसऱ्या विद्यार्थ्याचा मुद्दा हाच होता. ज्या संगीतात छाटणी हेच अलंकरण आहे, तेथे छाटणीबद्दल तक्रार कसली?

मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्यात एक फट आहे. गिटारवाला छाटतो तो एकट्या गिटारचा तरंग. सीडीवर छाटला गेला तो सगळ्या वाद्यांचा एकत्र तरंग. दोन स्वर एकत्र छाटले, की त्यांच्या पटींवर भागत नाही, त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही निघतात. २४० व २७० हर्ट्झचे सा आणि रे एकत्र छाटून पाहा. २×२४०−२७० म्हणजे २१०, आणि २×२७०−२४० म्हणजे ३००, असे कोणीही न वाजवलेले स्वर त्यात मिसळतात. जेथे चार वाद्ये व एक गळा आहे तेथे अशा अनाहूत पाहुण्यांची गर्दी किती होईल, याची कल्पना करा. दुसरेही एक होते. ढोलाचा ठोका तक्तपोशीला भिडतो त्या क्षणी गाणाऱ्याचा आवाजही त्याच्याबरोबर चिरडला जातो. आणि ठोका? सगळेच उंच झाल्यावर तो उंच कोणापेक्षा असणार? म्हणून पहिल्या विद्यार्थ्याची तक्रार संगीताबद्दल नव्हती. संगीतावर नंतर झालेल्या क्रियेबद्दल होती. माझे मत विचाराल तर येथे त्याचीच बाजू बरोबर होती.

एक गंमत अशी, की या वादात काही जण महागडे स्पीकर व जाड तारा घेण्याचा सल्ला देत होते. छाटलेला शेंडा तारेने परत उगवत नाही. उलट उपकरण जितके चांगले तितकी खरखर स्पष्ट!

आता माझी फजिती सांगतो. हे सगळे वर्गात प्रत्यक्ष दाखवावे म्हणून मुलांकडून पेटी, तबला व गाणे असा एक तुकडा ध्वनिमुद्रित करून घेतला. ‘ऑडॅसिटी’ या मोफत मिळणाऱ्या संगणक-कार्यक्रमाने त्याची एक छाटलेली, मोठी केलेली प्रत बनवली. दोन्ही प्रती ऐकवून हात वर करायला सांगितले. बहुतेक सगळे हात छाटलेल्या प्रतीला! मी फळ्यावर लिहूनही टाकले, की छाटणी कानाला कळत नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, पण दुसऱ्याचा आवाज मोठा होता ना?” एका वेळी एकच राशी बदलावी, हे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो आणि स्वतः दोन बदलून बसलो होतो. फळा पुसला.

पुढच्या आठवड्यात दोन्ही प्रतींची सरासरी पातळी मोजली आणि जितके डेसिबेल फरक आला तितकी मोठी प्रत खाली आणली. प्रतींना नुसती अ आणि ब अशी नावे दिली व आधी कोणती ऐकवायची ते नाणे उडवून ठरवले. या वेळी बहुतेकांचे मत उलटले. छाटलेल्या प्रतीत तबल्याची थाप पुठ्ठ्यावर मारल्यासारखी वाटते, असे मुलांनी आपणहून सांगितले. तिघाचौघांना मात्र तीच प्रत आवडली. त्यांचे चुकले असे मी म्हटले नाही. शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा. पातळी सारखी करण्याचे तेवढे विसरू नये. आणि स्पीकर फार मोठा लावू नये, नाही तर तोच स्वतःची छाटणी सुरू करतो.

असा सारखेपणा आता मोठ्या प्रमाणावर होऊ लागला आहे. प्रक्षेपणातील आवाज कानाला किती मोठा वाटेल हे मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत २००६ साली ठरली. इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या अनेक सेवा आता मोठी गाणी आपोआप खाली आणतात. मग भिंतीसारखे गाणे आणि काट्यांचे गाणे एकाच पातळीवर येतात. काट्यांच्या गाण्यातला ठोका वर उठतो, भिंतीतला भिंतीतच राहतो. चढाओढीत जे मिळवले होते ते सेवेने काढून घेतले, गमावलेले मात्र परत दिले नाही.

आमच्या त्या दोन विद्यार्थ्यांनीही पुढे मेटॅलिकाच्या दोन्ही प्रती सारख्या पातळीवर आणून ऐकल्या. दुसऱ्याने फरक प्रामाणिकपणे मान्य केला. ढोल कोठे चिरडला जातो तेही त्याने बोट ठेवून दाखवले. आणि मग म्हणाला, “पण सर, मी सीडीच ऐकणार. पहिल्यांदा ते गाणे मी तसेच ऐकले होते.” यावर पहिल्याने कपाळाला हात लावला. अनुनाद नळीची राहिलेली निरीक्षणे मी दोघांकडूनही पुन्हा करून घेतली.