मोळीभर लांकडें आणि समुद्राची वांटणी

दोन भाऊबंदांच्या शेतांमधील बांध हातभर रुंदीचा. पण त्यापायीं तीन पिढ्यांनीं कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्याचें आम्ही आमच्याच घराण्यांत पाहिलें आहे. चुलत आजोबांच्या वेळीं मोजणीचा दगड एका पावसाळ्यांत चार हात सरकला. तो ओढ्याच्या पाण्यानें सरकला कीं कोणाच्या हातांनीं, याचा उलगडा आजतागायत झालेला नाहीं. आणि ज्या तुकड्यासाठीं हें सर्व रामायण घडलें, त्यांत मणभर नाचणीही पिकत नाहीं. राष्ट्राराष्ट्रांच्या सीमांविषयीं लिहावयास बसलों कीं तो दगड आमच्या डोळ्यांपुढें प्रथम येतो.

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं सीमाविवाद हें एक स्वतंत्र व्यवहारपदच मानिलें आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत त्याचा जो विचार आहे, तो मोठा व्यवहारी आहे. सीमेवर वड, पिंपळ, पळस, सांवर असे दीर्घायुषी वृक्ष लावावे; शिवाय हाडें, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे अशा, जमिनींत लवकर न कुजणाऱ्या वस्तू गुप्तपणें पुरून ठेवाव्या; आणि तंटा पडल्यास ज्येष्ठ महिन्यांत, खुणा उघड दिसत असतां, निर्णय करावा. शेजारच्या गांवचे साक्षी न मिळाले तर पारधी, गुराखी आणि कैवर्त म्हणजे कोळी यांस विचारावें, असेंही तेथें सांगितलें आहे. या कैवर्तास वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम आहे.

हें सर्व खरें. पण भरतीओहोटीच्या चिखलांत वड कोठें लावावयाचा? ही अडचण जेथें मूर्तिमंत उभी आहे, ती जागा म्हणजे कच्छ आणि सिंध यांच्यामधील सर खाडी. लांबी सुमारें ९६ किलोमीटर, भोंवतीं दलदल, मनुष्यवस्ती जवळ जवळ नाहींच. या शतकाहून जुन्या तंट्याचा आरंभ १९०८ च्या सुमारास खाडीकांठच्या जळाऊ लांकडांवरून झाला, असें सांगतात. लांकडें कच्छच्या रावांचीं कीं सिंधचीं, एवढाच प्रश्न होता. सिंध त्या वेळीं, आणि पुढें १९३६ पर्यंत, मुंबई इलाख्याचाच भाग असल्यामुळें निवाडा मुंबई सरकारकडे आला व १९१४ सालीं सरकारनें ठराव केला.

सगळी मेख या ठरावांत आहे. त्याच्या नवव्या परिच्छेदावरून सीमा खाडीच्या पूर्व बाजूस पडते, आणि सोबतच्या नकाशांतील हिरवी रेघही पूर्वतीरावरच आहे. दहाव्या परिच्छेदांत मात्र, खाडी आपला मार्ग वेळोवेळीं बदलते म्हणून नौका चालण्याजोग्या प्रवाहाचा मध्य हीच सीमा समजावी, असा आशय आहे. एकाच कागदावर दोन वाक्यें! पाकिस्तान हिरव्या रेघेकडे बोट दाखवितें व संपूर्ण खाडी मागतें. भारत दहाव्या परिच्छेदावर उभा आहे. खाडी नौगम्य नाहीं, असें तिकडील म्हणणें. भरतीच्या वेळीं तींतून नावा जातात, असें इकडील. तीस वर्षें मुलांचे निबंध तपासल्यावर आमची खात्री झाली आहे कीं अनर्थ चुकीच्या वाक्यापेक्षां दुहेरी वाक्यानेंच अधिक होतो.

१९६५ च्या एप्रिलांत रणामध्यें चकमकी उडाल्या. ब्रिटिश पंतप्रधान विल्सन यांच्या मध्यस्थीनें तंटा त्रिसदस्य लवादाकडे गेला. स्वीडनचे लागरग्रेन हे अध्यक्ष होते. १९ फेब्रुवारी १९६८ रोजीं निकाल लागला व पाकिस्तानला त्याच्या मागणीचा सुमारें दहावा हिस्सा मिळाला. खाडीचा भाग मात्र लवादापुढें आलाच नाहीं आणि तो तसाच लोंबत राहिला.

आतां कोणी विचारील कीं या चिखलासाठीं एवढा हट्ट कां? उत्तर चिखलांत नाहीं, समुद्रांत आहे. पूर्वीं किनाऱ्यावरील तोफेचा गोळा जेथवर पोंचे तेथवर राज्य, या न्यायानें तीन मैलांचा समुद्र राजाचा मानीत. पलीकडे सारें मोकळें. १९४५ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनीं किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाच्या संपत्तीवर हक्क सांगितला, आणि तेव्हांपासून पाण्यासही सातबारा लागूं लागला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानें १२ सागरी मैलांपर्यंत सत्ता आणि २०० मैलांपर्यंत मासे, तेल, वायू यांचा हक्क दिला. ही वांटणी, जमिनीची सीमा जेथें समुद्रास मिळते त्या बिंदूपासून सुरू होते. भूमितीचा साधा हिशेब करून पाहावा. एका बिंदूंतून निघालेल्या दोन रेषांत अवघ्या एका अंशाचें अंतर असलें, तर २०० सागरी मैलांवर त्या साडेतीन मैलांनीं दूर जातात, आणि मध्यें सुमारें १२०० चौरस किलोमीटरांचा त्रिकोण सांपडतो. सर खाडींत मूळ बिंदूच कोणत्या तीरावर धरावा हा वाद आहे.

पाणी समजुतीनें वांटतां येत नाहीं असें मात्र नव्हे. बंगालच्या उपसागरांत १९७० च्या तुफानानंतर एक बेट वर आलें. आम्ही त्यास न्यू मूर म्हणत होतों, बांगलादेशीय दक्षिण तालपट्टी. दोघांनींही हक्क सांगितला. आणि २०१० पर्यंत तें बेटच समुद्रानें परत घेतलें! पुढें जुलै २०१४ मध्यें लवादानें २५,६०२ चौरस किलोमीटर वादग्रस्त समुद्रापैकीं १९,४६७ बांगलादेशास दिले. भारतानें तो निकाल मानला. पश्चिमेकडे इतकी समजूत निघाली नाहीं. ऑगस्ट १९९९ मध्यें याच भागांत भारतीय हवाई दलानें पाकिस्तानी नौदलाचें विमान पाडलें, त्यांत सोळा जण मेले. २००७ सालीं दोन्ही देशांनीं खाडीची एकत्र मोजणी केली. रेषा मात्र अद्याप ठरलेली नाहीं.

आणि आतां तो कैवर्त. ज्यास साक्षीस बोलवावें असें मनु सांगतो, तोच येथें आरोपी होतो. समुद्रावर रेघ काढलेली नसते. मासळीच्या मागें जातां जातां, किंवा इंजिन बंद पडून वाहवतां वाहवतां, होडी कोणाच्या पाण्यांत शिरली हें गस्तीची नौका आल्यावरच कळतें. सौराष्ट्राच्या बोटींवर मजुरीस जाणाऱ्यांत आमच्या पालघरकडील माणसेंही असतात, आणि तींही कराचीकडील तुरुंगांत जाऊन पडतात. तिकडचे कोळीही असेच इकडच्या तुरुंगांत असतात. शिक्षा भोगून झाली तरी, हा आपलाच नागरिक असें त्याच्या सरकारनें कळवीपर्यंत सुटका नाहीं. २००८ च्या कराराप्रमाणें दोन्ही देश दरवर्षीं १ जानेवारी व १ जुलै या दिवशीं कैद्यांच्या याद्या एकमेकांस देतात. त्या दिवशीं नांवें आलीं काय, हें विचारण्यास किनाऱ्यावरील बायका गांवच्या शिकलेल्या मुलाकडे जातात. आणि नांव यादींत असलें तर माणूस निदान जिवंत आहे, एवढ्यावर पुढील सहा महिने काढतात.