‘डिजिटल अटक’ : भीतीचा व्यापार



‘डिजिटल अटक’ या नावाची ठगी आता बहुतेकांनी ऐकलेली आहे. तरीही माणसे फसतात, आणि त्यांत निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, बँकेतील अधिकारी असे सुशिक्षितही असतात. मग आपण म्हणतो, “एवढे शिकलेले, आणि तरी फसले?” पण या ठगीत माणसाला विचार करायला वेळच दिला जात नाही.

तिची रीत ठरलेली आहे. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले किंवा तुमच्या आधार क्रमांकावरच्या खात्यातून काळा पैसा फिरला, असा फोन येतो. मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला ‘अधिकारी’ दिसतो, मागे ठाण्याचा देखावा असतो. तो खोटे वॉरंट दाखवतो आणि शेवटी ‘तपासणीसाठी’ सर्व रक्कम एका खात्यात भरायला सांगतो.

येथे मनावर तीन गोष्टींचा दाब येतो.

पहिली, अधिकाराचा धाक. १९६१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ले मिलग्रॅम यांनी एक प्रयोग सुरू केला. चुकीच्या उत्तराला समोरच्याला विजेचा झटका द्यायचा, असे सांगितले होते. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. तरी प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. ही सर्व साधी, सज्जन माणसे होती.

दुसरी, भीती आणि घाई. “दोन तासांत अटक होईल” असे ऐकले की मन फक्त सुटकेची वाट शोधते. आयुष्यभर इभ्रत जपलेल्या माणसाला ही भीती अधिकच लागते.

तिसरी, एकटेपणा. “कॅमेरा बंद करायचा नाही, घरी कोणाला सांगायचे नाही.” घरातल्या कोणी “अहो, हे काय चाललंय?” एवढे विचारले तरी खेळ मोडेल, हे ठगाला पक्के ठाऊक असते.

पैसे गेल्यावरही त्रास संपत नाही. झोप उडते, फोन वाजला की छातीत धडधडते, स्वतःच्या बुद्धीवरचा विश्वास जातो. सर्वांत वाईट म्हणजे शरम. शरमेपोटी माणूस गप्प बसतो आणि तेवढ्या वेळात पैसा अनेक खात्यांत पांगतो. पुढे “पैसे परत मिळवून देतो” म्हणणारा दुसरा ठगही येतो.

आपल्या कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्टच नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटक झालेल्या व्यक्तीला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे लागते. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही आणि निर्दोष ठरण्यासाठी पोलीस पैसे मागत नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, हे आज आजी-आजोबांना समजावून सांगा. असा फोन आला की तो बंद करून आधी घरातल्या एकाला सांगायचे, हा नियम घरात करा. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे रोखले जाण्याची आशा जास्त.

आणि पालकांना विनंती : घरात कोणी फसले तर “असे कसे केलेत?” हा प्रश्न विचारू नका. “बरे झाले सांगितलेत, चला, आधी तक्रार करू,” असे म्हणा. ओरडा बसणार नाही अशी खात्री असेल, तरच घरचा माणूस वेळेवर तोंड उघडेल.