व्हॉल्व्हमधून जाणारा स्वर

डिसेंबर १९४७मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर चालला आणि काचेच्या व्हॉल्व्हचे दिवस भरत आले. ट्रान्झिस्टर लहान, गार आणि काटक होता, पुढे स्वस्तही झाला. तीसेक वर्षांत रेडिओ, टीव्ही, संगणक अशा सगळ्या ठिकाणांहून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. आपल्या घरांतले मर्फी, बुश, फिलिप्सचे मोठे लाकडी रेडिओ माळ्यावर गेले, ते याच लाटेत. तरीही स्लोव्हाकियातल्या चाद्त्सा गावी, रशियातल्या सारातोव्हला आणि चीनमध्ये आजही व्हॉल्व्ह नव्याने बनतात, आणि त्यांतले बहुतेक संगीताच्या यंत्रांत बसतात.

का, असं विचारलं की उत्तर मिळतं, ‘आवाज उबदार असतो.’ हे उत्तर चुकीचं नाही, पण त्यातून काही कळत नाही. हा आवाज गूढ नाही. तो कुठे घडतो, कशाने घडतो आणि कुठे कमी पडतो, हे पायरीपायरीने पाहता येतं. त्यासाठी एक खराखुरा अ‍ॅम्प्लिफायर घेऊ : फिलाडेल्फियाच्या डायनॅको कंपनीने १९५९मध्ये आणलेला ‘स्टिरिओ ७०’. डाव्या-उजव्या बाजूला प्रत्येकी ३५ वॉट देणारा हा अ‍ॅम्प्लिफायर सुट्या भागांच्या स्वरूपातही मिळे. पुस्तिका समोर ठेवून सामान्य माणूस तो घरी जोडत असे. त्यात अवघे सात व्हॉल्व्ह आहेत.

नळीच्या आत

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. मधोमध निकेलची एक बारीक पोकळ नळी असते. तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप असतो. हा कॅथोड. त्याच्या पोटातली तार ६.३ व्होल्टवर तापते. कॅथोड सुमारे ७५० अंश सेल्सिअसला पोचला की लेपातून इलेक्ट्रॉन बाहेर पडू लागतात. भोवती धातूची प्लेट असते. तिच्यावर काहीशे व्होल्टचा धन दाब दिला की हे इलेक्ट्रॉन तिच्याकडे धावतात. उलट दिशेने ते जात नाहीत, कारण थंड प्लेट इलेक्ट्रॉन सोडत नाही. ही दोन टोकांची नळी लंडनमध्ये जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४मध्ये केली.

१९०६मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी कॅथोड आणि प्लेट यांच्यामध्ये तिसरं टोक घातलं : तारेची विरळ जाळी, म्हणजे ग्रिड. ग्रिडला थोडा ऋण दाब दिला की ती इलेक्ट्रॉनांना मागे लोटते. दाब जरा कमी केला की प्रवाह वाढतो, जरा वाढवला की प्रवाह घटतो. ग्रिड कॅथोडच्या अगदी जवळ असल्यामुळे तिचा अंमल फार मोठा असतो. आजही सर्रास वापरात असलेल्या ईसीसी-८३ या व्हॉल्व्हमध्ये ग्रिडवरच्या एका व्होल्टच्या फरकाचा प्रवाहावर जेवढा परिणाम होतो, तेवढाच परिणाम साधायला प्लेटवरचा दाब शंभर व्होल्टने बदलावा लागेल. इवल्याशा संकेताने मोठा प्रवाह हलवायचा, यालाच आवाज वाढवणं म्हणतात.

काचेच्या आत एक चंदेरी डागही दिसतो. तो बेरियमचा असतो आणि नळीत राहिलेले वायू शोषून घेतो. डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, आणि तो व्हॉल्व्ह गेला. व्हॉल्व्ह मेला की नाही, हे कधीकधी नुसत्या डोळ्यांनी कळतं ते असं.

सात व्हॉल्व्हांची वाट

आता ‘स्टिरिओ ७०’मध्ये शिरू. पहिला व्हॉल्व्ह जीझेड-३४. घरातल्या एसी विजेचं डीसीमध्ये रूपांतर करणारा हा रेक्टिफायर. तो स्वतः तापायला वेळ घेतो, त्यामुळे चारशे व्होल्टच्या वरचा दाब बाकीच्या व्हॉल्व्हना एकदम न बसता हळूहळू मिळतो. तोवर त्यांचे कॅथोड तापलेले असतात.

उरलेले सहा व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंना तीन-तीन असे वाटलेले. प्रत्येक बाजूला पहिला येतो ७१९९. या एका काचेत दोन व्हॉल्व्ह आहेत. पहिला भाग येणाऱ्या संकेताचा व्होल्टेज वाढवतो. दुसरा भाग त्या संकेताच्या दोन प्रती करतो, एक सुलट आणि एक उलट. एकीत लाट वर जाते त्याच क्षणी दुसरीत ती खाली येते.

या दोन प्रती दोन ईएल-३४ व्हॉल्व्हकडे जातात. हे ताकदीचे गडी. लाटेच्या एका अर्ध्या भागात एक जोर लावतो, दुसऱ्या अर्ध्यात दुसरा. या जोडीला पुश-पुल म्हणतात. संकेत नसतानाही प्रत्येक ईएल-३४मधून सुमारे ५० मिलिअँपिअर प्रवाह वाहता ठेवतात. चारशे व्होल्टने गुणलं तर एका व्हॉल्व्हमागे २० वॉट होतात, आणि ईएल-३४च्या प्लेटची मर्यादा २५ वॉट आहे. चार व्हॉल्व्हचे ८० वॉट, वर त्यांच्या तापतारांचे सुमारे ३८. म्हणजे एकही सूर वाजण्याआधी शंभराहून अधिक वॉट निव्वळ उष्णतेत जातात. व्हॉल्व्हची ऊब हातालाही लागते, ती यामुळे.

मात्र हा खर्च वाया जात नाही. दोघेही सतत जागे असल्यामुळे हळू आवाजात एकाकडून दुसऱ्याकडे काम सोपवताना मध्ये खंड पडत नाही. साठच्या दशकातल्या सुरुवातीच्या अनेक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरांत वीज वाचवण्यासाठी हा प्रवाह फार कमी ठेवत. मग लाट शून्यातून जाताना तिला बारीक खाच पडे. ही खाच हळू आवाजात जास्त बोचते, कारण सूर लहान झाला तरी ती तेवढीच राहते. त्या काळी ज्यांनी व्हॉल्व्ह विकून ट्रान्झिस्टर आणला आणि ज्यांना तो कर्कश वाटला, त्यांच्या कानांनी खरंच काहीतरी टिपलं होतं. आजच्या चांगल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरांत हा दोष उरलेला नाही.

लोखंड आणि तांबं

ईएल-३४कडे दाब भरपूर असतो, प्रवाह थोडा. स्पीकरला नेमकं उलटं हवं असतं. चढावर सायकलचा गिअर बदलतो, तसं हे काम आउटपुट ट्रान्सफॉर्मर करतो. व्हॉल्व्हच्या जोडीला समोर चारेक हजार ओहमचा भार दिसायला हवा आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. ही तफावत पाचशे पट झाली. वेटोळ्यांचं गुणोत्तर तिच्या वर्गमुळाएवढं लागतं, म्हणजे सुमारे २२ला १.

हे गणित सोपं, पण ते तांब्यालोखंडात उतरवणं अवघड. खर्जासाठी भरपूर लोखंड आणि भरपूर वेढे लागतात, नाहीतर गाभा चुंबकत्वाने भरून जातो आणि खालचे सूर फाटतात. वेढे वाढवले की तारांमधली विद्युत गळती वाढते आणि वरचे सूर बोथट होतात. म्हणून दोन्ही वेटोळी तुकड्यातुकड्यांनी एकमेकांत गुंफावी लागतात. डायनॅकोचे डेव्हिड हॅफ्लर हे मुळात या विद्येतले जाणकार. १९५१मध्ये त्यांनी आणि हर्बर्ट केरोस यांनी ‘अल्ट्रालिनिअर’ जोडणी पुढे आणली. तिच्यात ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातून मध्येच एक फाटा काढून तो व्हॉल्व्हच्या दुसऱ्या ग्रिडला देतात. त्यामुळे ताकद फारशी न गमावता विकृती, म्हणजे मूळ सुरात होणारी भेसळ, घटते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरात सगळ्यात मोलाचा भाग काचेचा नाही, हा लोखंडी ठोकळा आहे. व्हॉल्व्ह बदलता येतो, जळालेला ट्रान्सफॉर्मर तसाच दुसरा मिळवणं कठीण.

शेवटी स्पीकरकडे जाणाऱ्या संकेताचा थोडा भाग उलटा करून पुन्हा पहिल्या व्हॉल्व्हकडे पाठवतात. मूळ संकेत आणि बाहेर पडलेला संकेत यांतला फरक तिथल्या तिथे दुरुस्त होत राहतो. ही ऋण प्रतिपुष्टीची कल्पना बेल प्रयोगशाळेतल्या हॅरॉल्ड ब्लॅक यांची, १९२७ची.

गोडवा कुठून येतो

कोणताही अ‍ॅम्प्लिफायर मूळ सुरात स्वतःचं काहीतरी मिसळतो. प्रश्न असतो, काय आणि किती. तानपुरा ऐकलेल्याला हे समजायला वेळ लागत नाही.

षड्ज २४० हर्ट्‌झचा धरू. अ‍ॅम्प्लिफायरने त्याची दुप्पट, म्हणजे ४८० मिसळली तर तो तार षड्ज झाला. तिप्पट ७२० हा तार सप्तकातला पंचम. चौपट पुन्हा षड्ज. पाचपट १२०० हा गंधार, जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्यातून आपोआप उमटतो तोच. सातपट १६८० मात्र कोमल निषादाच्या खाली, कुठल्याच सुरावर न बसणारा. तिथून वर गेल्यावर असे परके सूर वाढत जातात.

व्हॉल्व्हची विकृती मुख्यतः खालच्या पायऱ्यांवरची असते, म्हणून ती सुरात मिसळून जाते आणि कानाला भरीवपणा वाटते. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ३००बीसारखा एकच व्हॉल्व्ह पूर्ण लाट उचलतो, तेव्हा दुपटीचा सूर जास्त मिसळतो. पुश-पुल जोडीत दुपटीचे सूर एकमेकांना खोडतात आणि तिपटीचा, म्हणजे पंचमाचा वाटा मुख्य उरतो. दोन्ही व्हॉल्व्हचेच, पण त्यांचा रंग वेगळा लागतो तो यामुळे. शिवाय कुवतीपलीकडे ताणलं तर व्हॉल्व्ह लाटेची टोकं गोलसर करतो, ट्रान्झिस्टर ती सरळ कापतो. सरळ कापलेल्या कडेत वरच्या पायऱ्यांचे परके सूर भरपूर असतात. मात्र प्रतिपुष्टी जितकी जास्त, तितका व्हॉल्व्हचा हा गोलसरपणाही कमी होतो.

या गोडव्याला मर्यादाही आहे. एकाच वेळी दोन सूर आले की विकृती त्यांची बेरीज आणि वजाबाकीही तयार करते. षड्ज २४० आणि शुद्ध रिषभ २७० एकत्र आले तर बेरीज ५१०. हा सूर तार सप्तकातल्या कोमल रिषभाला जवळजवळ चिकटून बसतो. भूपात तर कोमल रिषभाला जागाच नाही. म्हणून विकृती जास्त असलेला लहान व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर एकट्या गळ्याला किंवा बासरीला खुलवतो, पण मोठा वाद्यवृंद गढूळ करतो. ‘व्हॉल्व्हवर सगळंच छान वाजतं’ हे म्हणून खरं नाही.

व्हॉल्व्हच्या वेगळ्या आवाजाचं आणखी एक कारण स्पीकरच्या बाजूला आहे. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकरच्या पडद्यावरचा ताबा काहीसा सैल असतो. खर्ज थोडा मऊ होतो आणि स्पीकरच्या स्वभावानुसार काही सूर जरा पुढे येतात. १९८५मध्ये अमेरिकेतल्या ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या आव्हानावरून बॉब कार्व्हर यांनी आपल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरात फेरफार केले आणि एका महागड्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरशी तो इतका जुळवला की मासिकाच्या परीक्षकांना फरक सांगता आला नाही. म्हणजे व्हॉल्व्हचा आवाज दुसऱ्या मार्गानेही मिळू शकतो.

मग टिकला का?

आवाजाची नक्कल होऊ शकत असेल, तर व्हॉल्व्ह टिकण्यामागे आणखी काही असलं पाहिजे. मला त्याची दोन कारणं दिसतात.

पहिलं कारण गिटारवादक. फेंडर, व्हॉक्स, मार्शल यांच्या अ‍ॅम्प्लिफायरांत व्हॉल्व्ह मुद्दाम ताणून आवाज फाडतात. त्यांच्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर हा वाद्याचाच भाग आहे. या मागणीवर कारखाने चालतात आणि घरी रेकॉर्ड ऐकणाऱ्यालाही ईएल-३४ मिळतो. ७१९९ला असा आधार नव्हता, म्हणून त्याचं उत्पादन थांबलं. आज ‘स्टिरिओ ७०’ चालू ठेवणारे अनेकजण त्याजागी दुसरे व्हॉल्व्ह घेणारा नवा बोर्ड बसवतात.

दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. हे यंत्र उघडं आहे. त्याचा आराखडा छापील आहे, भाग हाताच्या बोटांनी धरता येतात, व्हॉल्व्ह खोबणीतून उपटून दुसरा बसवता येतो, मग तो कोणत्याही देशातला असो. साठच्या दशकात बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले व्हॉल्व्ह त्याच मापाच्या परदेशी खोबणीत बसतात. आजचा बिघडलेला अ‍ॅम्प्लिफायर दुकानात नेला की बहुधा पूर्ण बोर्ड बदलावा लागतो, आणि बोर्ड मिळाला नाही तर यंत्रच टाकावं लागतं. साठ-पासष्ट वर्षांचा ‘स्टिरिओ ७०’ मात्र एक जाणता माणूस टेबलावर बसून दुरुस्त करू शकतो.

घरी जुना सेट असेल तर

तो सरळ प्लगला लावू नका. इतक्या वर्षांत त्यातले कंडेन्सर सुकलेले किंवा गळके झालेले असतात. गळका कंडेन्सर ग्रिडवर नको तो धन दाब पोचवतो, व्हॉल्व्हची प्लेट लाल होते आणि पाठोपाठ ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. आधी कंडेन्सर बदलून घ्या. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर वाजवू नका, ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब उसळून ठिणगी पडते. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये जीव घेण्याइतका भार राहू शकतो, त्यामुळे माहितगाराशिवाय आत हात घालू नये. व्हॉल्व्ह बदलले की त्यांचा विश्रांतीचा, म्हणजे संकेत नसतानाचा, प्रवाह पुन्हा लावून घ्यावा. ‘स्टिरिओ ७०’मध्ये हॅफ्लरनी त्यासाठी पुढेच मोजणीची जागा ठेवली आहे. तिथे १.५६ व्होल्ट दिसले की जोडी ठीक. घरच्या माणसाला हे जमलं पाहिजे, असं गृहीत धरून केलेली ही रचना आहे.

म्हणूनच व्हॉल्व्हवर प्रेम असणाऱ्यांनी जुने सेट जमवण्याबरोबर एक काम अवश्य करावं. व्हॉल्व्हवर हात बसलेले रेडिओ मेकॅनिक आता वयस्क झाले आहेत. त्यांच्याशेजारी बसून एखाद्या तरुणाने आराखडा वाचायला, मीटर धरायला आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला शिकलं पाहिजे. व्हॉल्व्ह कारखान्यातून येत राहतील, पण सेट वाजता ठेवायला ही विद्या लागेल, आणि ती फक्त माणसाकडून माणसाकडे जाते.